नवे दुकान, हरवलेल्या ऑर्डर

गुवाहाटीजवळच्या विणकर महिलांची एक लहानशी संस्था ऑनलाइन दुकान चालवते. तिच्या हिशेबाकडे मी गेली काही वर्षे लक्ष देतो. वर्षातला निम्म्याहून अधिक धंदा एप्रिलच्या मध्यात येणाऱ्या रोंगाली बिहूआधीच्या तीन आठवड्यांत होतो. बंगळूरु, दिल्लीला नोकरीसाठी गेलेली आसामी मुले गामोसा मागवतात. नेमक्या त्याच काळात दुकानाचे रूप पालटण्याचा शहाणपणा आम्ही केला.

नवे रूप देखणे होते, यात शंका नाही. पण लगोलग ऑर्डर थांबल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. माझ्या फोनवर सारे सुरळीत दिसत होते, त्यामुळे दोन दिवस वाया गेले. ब्राउझरने जुनी पाने साठवून ठेवली होती. मी पाहत होतो ते कालचे दुकान. शेवटी एका विणकर बाईंच्या मुलाच्या साध्या फोनवर पान उघडले, तेव्हा दिसले की पिनकोडच्या रकान्यात पाचच अंक मावतात. साचा अमेरिकी होता. आपल्याकडे 1972 पासून पिनकोड सहा अंकी आहे, हे त्याला कोण सांगणार? नवे ग्राहक तिथूनच परत फिरत होते.

जुन्या ग्राहकांचे पत्ते आधीच नोंदलेले असल्याने ते पैसे भरण्यापर्यंत पोहोचत, आणि त्यांची अडचण अधिक गंभीर होती. यूपीआयने पैसे भरले की मध्यस्थ कंपनीची यंत्रणा दुकानाच्या एका ठरावीक पत्त्यावर तसा संदेश धाडते. नव्या मांडणीत तो पत्ताच बदलला होता. बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण, दुकानाच्या लेखी ग्राहक आलाच नाही. पैसे आपोआप परत जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ते अडकलेले नव्हते. ते आमच्याच नावे जमा होते. मध्यस्थाचा जमाखर्च आणि आमची ऑर्डरवही ओळीला ओळ लावून पाहावी लागली. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. पण बिहू संपल्यावर आलेला गामोसा कोणाच्या खांद्यावर घालायचा?

मोठ्या यंत्रणाही यातून सुटलेल्या नाहीत. प्राप्तिकर खात्याचे नवे संकेतस्थळ 7 जून 2021 रोजी सुरू झाले. तक्रारी इतक्या आल्या की ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने ते उभारणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून घेतले. विवरणपत्रांची मुदत वाढवावी लागली. सरकारला निदान मुदत वाढवता येते.

जुन्या दुकानाची प्रत जपून ठेवली होती, एवढे एकच काम आम्ही नीट केले होते. त्या रात्री तेच परत आणले. नवे रूप बिहूनंतर आले, एका वेळी एकच बदल करत. आणि प्रत्येक बदलानंतर कोणीतरी स्वतःच्या पैशाने एक गामोसा विकत घेऊन पाहिला. विणकर बायकांनी सुताच्या व्यापाऱ्याकडे केलेली उधारी मात्र जूनपर्यंत रेंगाळली.