बाबांची लेन्स

बाबा पुण्याला ताईकडे राहायला गेले तेव्हा डोंबिवलीचं घर आवरताना कपाटात, आईच्या शालूखाली, एक लेन्स सापडली. निकॉनची ५० मिलिमीटर, १.४. कॅमेरा केव्हाच चुलतभावाला दिलेला. लेन्स मात्र बाबांनी ठेवून घेतलेली. माझी मुंज, ताईचं लग्न, सगळं हिच्यातूनच टिपलेलं. इथे एडिसनला माझ्याकडे सोनीचा मिररलेस कॅमेरा. त्यावर ही बसेल?

बसते, आणि छान बसते. लेन्सच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला ठरलेलं असतं. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटला ते ४६.५ मिलिमीटर, कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी. सोनीच्या मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून फक्त १८. उरलेले २८.५ मिलिमीटर भरून काढणारं पोकळ कडं म्हणजे ॲडाप्टर. आत ना काच, ना तारा. मला वीसेक डॉलरला मिळालं. उलटं मात्र जमत नाही. सोनीची लेन्स निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर सेन्सरपासून फार लांब पडते.

पहिल्या दिवशी कॅमेरा फोटोच काढेना. लेन्सशी विजेचा संपर्क नाही, म्हणजे लेन्सच नाही, असं त्याचं म्हणणं. मेनूत जाऊन लेन्सशिवाय शटर उडवण्याची परवानगी द्यावी लागते. बॉडीत हात स्थिर करण्याची सोय असेल तर ५० हा आकडाही आपणच भरायचा. ॲपर्चर लेन्सवरच्या कड्याने बदलायचं. फोटोच्या नोंदीत ते उमटत नाही. लिहून ठेवणारे ठेवोत, मी सोडून दिलंय.

खरी काळजी बुरशीची. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या काचेवर कोळिष्टकासारखे धागे धरतात. घरून लेन्स आणणार असाल तर आधी टॉर्च मारून आरपार बघा. आमचीला एका कडेला होतेच. मुंबईतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याने खोलून साफ केली. पुसट डाग राहिलाय, फोटोत दिसत नाही.

फोकसने मात्र मला रडवलं. स्पष्ट कडा पडद्यावर रंगीत दिसतात खऱ्या, पण १.४ वर त्यांच्या भरवशावर राहिलं की नाक स्पष्ट आणि डोळे धूसर. चित्र मोठं करून डोळ्यावर फोकस आणावा, तोवर लेक पळालेली.

उन्हाळ्यात बाबा आले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावलाच नाही. आधी ॲपर्चर ५.६ वर, अंतराचं कडं ३ मीटरवर. मग अंगणात तेवढ्या अंतरावरच्या फरशीकडे बोट केलं. "ती तिथे येईल." नात आली, बाबांनी बटण दाबलं. स्वस्त ॲडाप्टरवर अंतराचे आकडे जरा चुकतात, पण ५.६ ला खपून जातं.

मग मी कॅमेरा मागून घेतला. आमच्या जुन्या अल्बमात बाबांचा एक धड फोटो नाही, काढणारे तेच. त्या दुपारी त्यांचे अकरा काढले. तीन हलले.