खापरावरची आखाजी

म्हसावदला आखाजीच्या दिवशी सकाळी सातलाच ऊन चटका द्यायला लागतं. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. इथून रस्ता वर तोरणमाळकडे चढत जातो, पण वरचा गारवा काही खाली उतरत नाही. अशा वैशाखात परसातल्या चुलीवर खापर उलटं घालून मामेवहिनी उभी होती. बांगड्या दंडापर्यंत सरकवून त्यांवर चिंधी आवळून बांधलेली.

बाकीचा महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोन्याचा भाव विचारतो. खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणीचं माहेर, झोका आणि पुरणाची पोळी. सालदाराचं साल याच दिवशी संपतं, नवा करार याच दिवशी ठरतो आणि पत्त्यांचे डावही याच दिवशी बसतात. सकाळी मामांनी घागर पुजली होती. नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर खरबूज, आंबा, सांजोरी. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत त्यांनी एकेका पितराचं नाव घेतलं. हे सगळं पंधरा मिनिटांत आटोपलं. पोळ्यांना मात्र दुपार होणार होती, आणि तयारी तर आदल्या दिवसापासूनच होती.

गहू धुऊन, ओलसर असतानाच फडक्यात बांधून ठेवायचे, मग दळायचे. पीठ जुन्या साडीच्या मऊ कापडातून गाळायचं. खाली पडतं ते पोळीचं, वर उरतो तो रवा सांजोऱ्यांना जातो. कणीक इतकी तिंबायची की ओढली तर रबरासारखी लांबली पाहिजे. ते काम मामींचं. परातीत पाण्याचा हात घेऊन त्या कणीक आपटत होत्या, आणि तो आवाज शेजारच्या दोन परसांतूनही येत होता. हरभऱ्याची डाळ शिजवून निथळलेलं पाणी रशीला ठेवलेलं. डाळीत गूळ, वेलदोडा, जायफळ.

वहिनीने दोन छोट्या पाऱ्या लाटल्या, मध्ये पुरणाचा भला मोठा गोळा, कडा दाबून बंद. पोळपाटावर ताटाएवढी झाल्यावर लाटणं बाजूला. पोळी उचलून तिने दोन्ही हातांवर घेतली आणि हात आलटून पालटून फिरवू लागली. पोळी आधी मनगटावर आली, मग कोपराकडे सरकली. पुरण आतल्या आत पसरत गेलं. हातावरची पोळी एका झटक्यात खापरावर. आवाज नाही, फक्त वाफ आली आणि मातीचा वास.

मीही एकदा करून पाहिली. माझी पोळी मनगटावरच फाटली, पुरण चुलीत. मामी हसल्या, ‘‘फाटनी ते फाटू दे, पोटमाच जावानी शे.’’ ती वाकडी, जळकी पोळी मीच खाल्ली. चांगली लागली, पण भुकेला सगळंच चांगलं लागतं.

खापराचं तंत्र नाजूक. जाळ एकसारखा हवा, म्हणून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. भडकतात पटकन, निवतात पटकन. जाळ जास्त झाला की पोळी काळी, कमी झाला की कच्ची. तापलेल्या खापरावर पाणी सांडलं तर ते तडकतं, म्हणून पोरांना परसात यायची बंदी. या जाळाशी बसलेली नणंद सारखी डोळे पुसत होती. धूर.

इथे मला जरा खटकतं. आखाजी लेकीबाळींची म्हणतात. बहिणाबाईंच्या आखाजीच्या कवितेतही झोका आहे. मधल्या वाड्यात निंबाला झोका बांधला होता. त्यावर सकाळपासून पोरीटोरीच बसत होत्या. माहेरी आलेली नणंद चुलीशी, आणि जिचं माहेर दुसऱ्या गावी ती वहिनी खापराशी. ही पोळी एकटीला जमत नाही. लाटणारी, भाजणारी, जाळ सांभाळणारी अशा निदान तिघी लागतात. त्यामुळे विसावा कोणाच्याच वाट्याला येत नाही, गप्पा मात्र भरपूर येतात. पुरुष ओट्यावर पत्ते कुटत होते. मीही, खरं सांगायचं तर, थोडा वेळ तिथे बसलो.

पंगत बसली तेव्हा एक वाजला होता. चौघडीत दुमडलेली पोळी, वाटीभर आमरस, तिखटजाळ रशी, कुरडई. रसात पोळी बुडवायची, मधूनच रशीचा भुरका. दोन पोळ्यांत माणूस आडवा होतो. मामा तीन खातात.

ओट्याच्या टोकाला वहिनीचा भाऊ मुराळी म्हणून आलेला, बाराच्या एसटीने निघायचं म्हणून. ती एसटी गेली. आता तीनच्या गाडीने जायचं ठरलं. वहिनीने धोतराच्या फडक्यात पाच पोळ्या बांधल्या, चिंधी सोडली, बांगड्या खाली केल्या, हात धुतले. गाडीत चढताना तिने खिडकीतून हात हलवला, तेव्हा बांगड्यांच्या मधे वाळलेली कणीक तशीच होती.