ठोसा कसा अडवावा

वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शेती, अर्थकारण असे विषय होत असताना एका कामगार कार्यकर्त्याने ठोसा हा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण फार झालेले नाही. जे शिकलो ते जिनिंगच्या फाटकावर, हमालांच्या बैठकीत आणि वाचनालयाच्या बाकावर. त्यांतलाच हा एक धडा आहे. तो मी चूक करून शिकलो, म्हणूनच तो सांगण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो.

आधी ती चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसाचा हंगाम होता. एका जिनिंग कारखान्याच्या फाटकावर हमालीच्या दराची बोलणी चालली होती. समोरच्या बाजूचा एक माणूस ओरडत पुढे आला आणि त्याने मूठ उगारली. त्याचा ठोसा अजून सुटलाही नव्हता, तोच माझा सुटला. त्याचा ओठ फाटला. त्या क्षणी दराचा प्रश्न मागे पडला आणि मारामारीचा प्रश्न पुढे आला. पुढे चौकशीत चर्चा झाली ती माझ्या मुठीची. हमालांची बाजू ऐकायला कोणी उरले नाही. तो हंगाम जुन्याच दराने गेला. माझ्या एका ठोशाची किंमत पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांनी मोजली.

आमच्या आखाड्यातील म्हाताऱ्या वस्तादांना ही हकीकत कळली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पोरा, तुले अडवता येत नाही म्हनून तू भेला, अन् भेला म्हनून हात उचलला." माझ्या विषयाचे सार या वाक्यात आहे. ज्याला आलेला वार चुकवता येतो, त्याला घाईने वार करावा लागत नाही.

आपल्या वऱ्हाडाला व्यायामविद्या नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी उभे केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. परंतु आपल्या आखाड्यांचा जीव कुस्तीत. कुस्तीत पकड आहे, डाव आहे, पण ठोशाला मनाई आहे. मुष्टियुद्ध आपल्याला पुराणातून माहीत आहे. बलरामाने लोळवलेल्या कंसाच्या मल्लाचे नावच मुष्टिक होते. हल्लीच्या मुष्टियुद्धाचे हातमोज्यांचे आणि तीन मिनिटांच्या फेऱ्यांचे नियम १८६७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ साली मेरी कोमने लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडेही घरोघर हा खेळ पाहिला गेला. पाहणाऱ्यांचे लक्ष मात्र बसलेल्या ठोशाकडे असते, चुकवलेल्या ठोशाकडे नसते. खरी अर्धी विद्या त्या चुकवण्यात आहे.

ठोसा अडवायचा तर तो निघतो कोठून हे प्रथम कळले पाहिजे. ठोशाचा जोर मुठीत नसतो. तो पायाच्या टाचेतून निघतो, कमरेच्या वळणातून चढतो, खांद्यात येतो आणि सर्वांच्या शेवटी मुठीत पोहोचतो. म्हणून मुठीकडे पाहत राहू नये. मूठ हलताना दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. नजर समोरच्याच्या छातीवर ठेवावी. म्हणजे दोन्ही खांदे नजरेत राहतात, आणि खांदा हात सुटण्याआधी बोलतो.

आता उभे राहणे. एक पाय थोडा पुढे, एक मागे, गुडघे सैल. हनुवटी खाली. दोन्ही हात गालांच्या उंचीवर, कोपरे बरगड्यांजवळ. पंजे उघडे ठेवावेत. उघड्या पंजांनी दोन कामे होतात: वार अडवता येतो, आणि 'मला भांडायचे नाही' हे समोरच्याला व बघणाऱ्यांना दिसते. हनुवटी झाकण्याचे कारण असे की जबडा हा डोक्याला जोडलेल्या दांड्यासारखा आहे. त्याच्या टोकावर फटका बसला की डोके झटकन फिरते, आत मेंदूला हिसका बसतो आणि माणूस शुद्ध हरपतो.

ठोसे मुख्यतः चार प्रकारचे धरावेत.

पहिला सरळ ठोसा. तो रुळावरून येणाऱ्या गाडीसारखा एका रेषेत येतो. गाडी येताना कोणी रुळावरूनच मागे पळत नाही, बाजूला होतो. तसेच येथे करावे. मागे एक पाऊल घेतले तर पहिला ठोसा चुकेल, पण त्याच रेषेत दुसरा येतो. समोरच्याचा उजवा हात आला तर आपल्या डाव्या पंजाने तो चार बोटे बाजूला ढकलावा आणि त्याच वेळी डोके रेषेबाहेर न्यावे. चार बोटे पुरतात. नवखा माणूस हात लांब नेऊन ठोसा झटकायला जातो आणि स्वतःचे तोंड उघडे टाकतो.

दुसरा आडवा ठोसा. रस्त्यावरच्या भांडणात बहुधा हाच येतो. हात मागे नेऊन झोक्याने मारलेला. ज्वारी राखताना ज्याने गोफण फिरवली आहे त्याला हा लगेच समजेल. गोफणीचा जोर टोकाला असतो, हाताजवळ नसतो. म्हणून मागे वाकणाऱ्याला हा ठोसा टोकाच्या पूर्ण वेगाने लागतो. उपाय भीतीच्या उलट आहे: पंजा कानामागे नेऊन, कोपर पुढे काढून डोक्याची बाजू झाकावी आणि अर्धे पाऊल आत जावे. आत गेल्यावर मूठ आपल्या पाठीमागून निघून जाते. लागतो तो नुसता दंड.

तिसरा खालून वर येणारा ठोसा. तो अगदी जवळून येतो आणि हनुवटी शोधतो. पुढे वाकून उभा राहणारा त्याला आयता सापडतो. कुस्तीगिराला वाकण्याची सवय असते, म्हणून त्याने येथे विशेष जपावे. पाठ सरळ, हनुवटी आत, दोन्ही हात जवळजवळ आणून खाली दाबावेत आणि अर्धे पाऊल मागे सरावे.

चौथा पोटातला ठोसा. त्यासाठी हात खाली नेऊ नयेत. हात खाली गेले की तोंड उघडे पडते. नुसते कोपर खाली आणून बरगडी झाकावी आणि श्वास जोराने सोडावा. पोते पाठीवर घेताना हमाल 'हूं' करतो, तेच येथे करायचे. त्याने पोटाचे स्नायू आवळले जातात.

ठोशांचा मारा सुरू झाला आणि काहीच सुचेनासे झाले, तर डोके दोन्ही हातांत झाकून आत शिरावे आणि समोरच्याला कवेत घट्ट धरावे. मिठीत ठोशाला जागाच उरत नाही. पंच मुष्टियोद्ध्यांना सोडवतात. रस्त्यावर ते काम भोवतालच्या माणसांनी करावे. ते करायला ती येतील एवढा वेळ मिठीने मिळतो. संधी मिळताच निघून जावे.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. ठोशापेक्षा पडणे अधिक घातक असते; डांबरी रस्त्यावर डोके आपटून माणसे दगावतात. म्हणून पाय कधी एकमेकांत अडकू देऊ नयेत. कोणालाही एक ठोसा मारण्याचा मोह होईल तेव्हाही हेच आठवावे. दुसरे, समोरच्याच्या हातात सुरी किंवा विळा असेल तर वरचे काहीही उपयोगाचे नाही. तेथे पळणे हीच विद्या.

कायदाही हेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण बचावाला जेवढी गरज, तेवढीच इजा करण्याची मुभा त्यात आहे. आणि पोलिसांसारख्या अधिकाऱ्यांचे संरक्षण घेण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. अडवणारा हात या मर्यादेत सहज राहतो. मारणाऱ्या हाताला मात्र पुढे खुलासा करत बसावे लागतो.

हे ऐकून येणार नाही. दोघांनी समोरासमोर उभे राहावे. एकाने उघड्या पंजाने, अगदी सावकाश, वर सांगितलेले चार प्रकार आळीपाळीने करावेत, दुसऱ्याने अडवावेत. रोज दहा मिनिटे पुरे. वेग आपोआप येतो. आपल्या मुलींनाही हे शिकवावे. यात ताकदीपेक्षा सवयीचे काम अधिक आहे.

पुढे माझ्यावर पुन्हा एकदा हात उगारला गेला. दराचीच बोलणी होती. झोक्याचा ठोसा आला, तो माझ्या कोपरावर बसला; मी आत गेलो आणि त्या माणसाला कवेत धरून ठेवले. लोकांनी त्याला बाजूला नेले. आठ दिवस माझा दंड काळानिळा होता. आम्ही पुन्हा कागद पुढे घेऊन बसलो. दर मनासारखा मिळाला असे नाही. पण त्या दिवशी शेवटपर्यंत बोलणे झाले ते दराचेच.