ध्रुवीय प्रकाशाची ऊब मोजणारी अतिथंड यंत्रे

अलास्कात फेअरबँक्सजवळ पोकर फ्लॅट हे रॉकेट उड्डाणकेंद्र आहे. हिवाळ्याच्या रात्री तिथे रॉकेट सज्ज असते, उलटमोजणी शेवटच्या काही मिनिटांवर रोखलेली असते आणि शास्त्रज्ञ आकाशाकडे डोळे लावून बसलेले असतात. ध्रुवीय प्रकाश रॉकेटच्या वाटेवर उजळला, की उड्डाण.

डोळ्यांना दिसणारी हिरवी झळाळी ऑक्सिजनच्या अणूंची. पण अवकाशातून येणारे इलेक्ट्रॉन सुमारे 100 किलोमीटर उंचीवरच्या हवेवर आदळतात, तेव्हा त्यांची बरीच ऊर्जा अदृश्य अवरक्त किरणांतही उतरते. नायट्रिक ऑक्साइड 5.3 मायक्रॉनला उजळतो, कार्बन डायऑक्साइड 4.3 मायक्रॉनला. यातला दुसरा विशेष चिवट. नायट्रोजनचे रेणू धक्क्याची ऊर्जा साठवतात आणि सावकाश कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतात. त्यामुळे वरचा प्रकाश विझला तरी ही चमक काही मिनिटे टिकते.

जमिनीवरून हे टिपणे अवघड, कारण खालची बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेली हवा हे किरण गिळते. फुगे तिथवर पोचत नाहीत, उपग्रह इतके खाली टिकत नाहीत. उरते रॉकेट.

खरी कसोटी मात्र यंत्राची. साध्या तापमानाचे दुर्बीण-आरसे स्वतःच अवरक्त किरण सोडतात; त्यांतून हा प्रकाश हुडकणे म्हणजे उन्हात काजवा शोधणे. म्हणून यंत्र द्रवरूप नायट्रोजनने उणे 196 अंशांपर्यंत, किंवा हेलियमने त्याहूनही खूप खाली थंड करतात. इतक्या गार आरशावर दमट हवा लागताच हिम साचेल, म्हणून ते निर्वात कोठीत बंद ठेवतात. दाट हवा मागे पडल्यावरच झाकण उडते. मग निरीक्षणाला मिळतात मोजकी मिनिटे.

अमेरिकी हवाई दलाची प्रयोगशाळा आणि युटा स्टेट विद्यापीठ यांनी 1970च्या दशकात ही विद्या घडवली. आधी फिरत्या गोल गाळणीचे वर्णपटमापक आले. चकती फिरेल तशी एकेक तरंगलांबी पुढे जाते. 1 एप्रिल 1976 रोजी ‘हायरिस’ हे वर्णपटमापक यंत्र रॉकेटमधून तेजस्वी ध्रुवीय प्रकाशात झेपावले. त्यातला सरकता आरसा किरणांचे दोन भाग पुन्हा जुळवतो आणि त्या नक्षीवरून गणिताने बारीक वर्णपट उलगडतो.

या वर्णपटांतून उच्च वातावरण थंड कसे होते, हे कळत गेले. एप्रिल 2002 मधल्या सौर वादळांत टाइम्ड उपग्रहावरच्या ‘सेबर’ या यंत्राने नायट्रिक ऑक्साइडला वादळाची उष्णता अवकाशात फेकताना पाहिले. उपग्रह पृथ्वीभर फिरतो, पण त्या थराकडे लांबून, तिरकस पाहतो. रॉकेट थर भेदत वर चढते आणि कोणता वायू कोणत्या उंचीवर किती उजळला, हे जागेवरच मोजते.