पाचांसाठी एक? मुळशीचा हिशेब

ट्रॉलीचं कोडं तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये पाहिलं असेलच. ब्रेक निकामी झालेली ट्राम सुसाट निघालीय, पुढे रुळावर पाच माणसं आहेत. ट्राम दुसऱ्या रुळावर वळवली तर पाच वाचतात, पण तिथे उभा असलेला एक जण मरतो. वळवायची का? फिलिपा फुट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये हा प्रश्न मांडला. बहुतेक जण पटकन 'वळवा' म्हणतात. पाच जास्त की एक, विषय संपला.

पण या कोड्यात एक गोम आहे. इथे सहाही जणांचं नुकसान सारखंच आहे, ते म्हणजे जीव. खऱ्या आयुष्यात असं क्वचित होतं. म्हणून आज आपण मुळशीला जाऊ.

हो, तेच मुळशी, पावसाळ्यात भजी खायला जातो ते! तिथला तलाव म्हणजे टाटांच्या वीज कंपनीचं धरण. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं, खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तयार होणारी वीज मुंबईला द्यायची, अशी योजना. फायदा लाखोंचा, जमीन जाणार काही हजार मावळ्यांची. इंग्रज सरकारकडे १८९४ चा भूसंपादन कायदा होताच. १९२१ मध्ये शेतकरी सत्याग्रहाला उतरले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते याच लढ्यात. दोन-तीन वर्षांत लढा मोडला आणि धरण झालं.

आता तराजू धरा. एका पारड्यात मुंबईकराची वीज. ती फालतू गोष्ट नाही हां, तिच्यावर अख्खं शहर उभं राहिलं. पण ती दुसरीकडून, थोडी महाग का होईना, मिळवता आली असती. दुसऱ्या पारड्यात भाताची खाचरं, घर, गावचं देऊळ, म्हणजे एका माणसाचं जवळपास सगळंच. नुसती डोकी मोजली की हा फरक दिसतच नाही. माझ्या मते 'किती जणांचं?' याच्या आधी 'प्रत्येकाचं काय जातंय?' हे विचारायला हवं. आणि ज्याचं जातंय, त्याला कुणी विचारलं का? ट्रॉलीच्या कोड्यातल्या त्या एकट्या माणसाला तर तोंडच नाही!

बरं, 'अल्पसंख्य' म्हणजेही एकच गट नसतो. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांना भरपाईत रस होता. कसणाऱ्याला जमीनच हवी होती. दोघंही कागदावर 'बाधित'.

१८९४ चा कायदा जायला २०१३ उजाडलं. नवा कायदा म्हणतो, खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी. सरकार स्वतःच्या प्रकल्पासाठी घेत असेल तर मात्र ही अट नाही. मुळशीच्या मानाने हे पाऊल मोठंच. पण गंमत बघा, कमी लोकांना आवाज मिळावा म्हणून केलेल्या नियमातही शेवटी बहुमतच मोजलंय. उरलेल्या २० टक्क्यांत तुमचं घर असेल तर? काय वाटतं, व्हॉइस नोट पाठवून सांगा.