दिव्याची टोपी

दिवा गेला तर नवा बसवावा, यात समजावून सांगण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. आम्हांसही तसेच वाटे. पण एका संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत वेतनकराराचा मसुदा वाचण्यास वीस-पंचवीस मंडळी जमली असता टेबलावरचा दिवा गेला. छताची ट्यूब आधीच बंद. कपाटात चार नवे बल्ब होते. त्यांतला एकही बसेना. टेबलदिवा कोणा हितचिंतकाने भेट दिलेला, आट्यांच्या होल्डरचा. आणि आमचे बल्ब दोन पिनांचे. शेवटी मोबाईलच्या उजेडात कलमे वाचली. थकबाकी कोणत्या महिन्यापासून, ती ओळ त्या गडबडीत निसटली, आणि पुढल्या दोन बैठका तेवढ्यासाठी खर्ची पडल्या.

तेव्हापासून आम्ही या टोपीच्या मागे लागलो. आपल्या घरांतून बहुधा दिसते ती 22 मिलिमीटर व्यासाची. बंदुकीला संगीन बसवतात तशी ती दाबून किंचित फिरवली की कडेच्या पिना खाचेत अडकतात. ही रीत इंग्लंडात रुजली आणि इंग्रजी अमलात आपल्याकडे आली. आट्यांची टोपी एडिसनची. युरोप खंडात ती बहुतेक सर्वत्र 27 मिलिमीटरची, अमेरिकेत 26 ची, आणि झुंबरातल्या मेणबत्तीवजा दिव्यांना 14 ची. बाहेरच्या बाजारासाठी घडवलेला शोभेचा दिवा आपल्या दुकानात आला, म्हणजे त्याची टोपीही बरोबर येते. दुकानदार दिवा पेटवून दाखवतो, टोपी दाखवत नाही.

येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे, कारण ती जिवाची आहे. पिनांच्या बल्बात वीज तळच्या दोन ठिपक्यांतून जाते. बाजूच्या पत्र्याशी तिचा संबंध नाही. आट्यांच्या बल्बात तळचा ठिपका हे एक टोक, आणि आट्यांचा पत्रा हेच दुसरे. म्हणून फेजची तार तळाच्या ठिपक्याकडेच गेली पाहिजे. ती उलट जोडली गेली, तर बल्ब फिरवताना बोट आट्यांना लागले की झटका बसतो. जाणता वायरमन हे चुकत नाही. पण दोन पिनांचा साधा प्लग उलटाही बसतो, सुलटाही; तेथे वायरमनची दक्षता काय कामाची? टेबलदिव्याचा बल्ब बदलताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपसावा.

कारखान्यात काम केलेल्यांना हा आट्यांचा तंटा जुना आहे. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या मँचेस्टरच्या यंत्रकाराने ठिकठिकाणचे स्क्रू गोळा करून आट्यांचा कोन 55 अंश ठरवला. अमेरिकेने पुढे 60 धरला. दुसऱ्या महायुद्धात एकाचे बोल्ट दुसऱ्याच्या यंत्राला लागेनात, तेव्हा कुठे 1948 साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी एक आटा मान्य केला. दिव्यांच्या टोप्यांची मापेही आंतरराष्ट्रीय मानकांनी बांधून दिली आहेत. म्हणून एका कंपनीचा 22 चा बल्ब दुसरीच्या होल्डरात निमूट बसतो. 2015 साली सरकारने उजाला योजना काढली आणि कोट्यवधी एलईडी बल्ब घरोघर गेले. ते जुन्याच होल्डरांत बसले, एकही तार तोडावी लागली नाही. मापाचा करार झालेला असला म्हणजे गरिबाचा पैसा असा वाचतो. पण एका घरात एकच टोपी असावी, असा करार कोणी केलेला नाही, आणि अडॅप्टर विकत घेण्याची पाळी गिऱ्हाइकावर येते.

हल्ली याहून वाईट प्रकार निघाला आहे. छतात बसवायचे कित्येक एलईडी दिवे अखंड असतात. त्यांना टोपीच नाही. आतला एक भाग जळाला की सबंध दिवा फेकायचा, शिवाय वायरमनची मजुरी. आट्यांच्या बल्बाशी निदान भांडता तरी येई.

कचेरीतल्या टेबलदिव्याचा होल्डर आम्ही दुसऱ्याच दिवशी बदलून पिनांचा करून घेतला, आणि तार तीन पिनांच्या प्लगला जोडली. कपाटाच्या दाराला आतून एक कागद डकवला आहे. त्यावर कचेरीत किती होल्डर कोणत्या मापाचे, ते लिहिले आहे. बल्ब आणायला जाणाऱ्याने तो वाचूनच जावे, असा ठराव आहे. तो एकमताने संमत झाला.