एका पाटावर तीन इयत्ता

दुसरीच्या वयाचा धाकटा, पाचवीची मधली आणि आठवीची थोरली अशी तीन भावंडे एकाच खोलीत, एकाच पालकापुढे अभ्यासाला बसली म्हणजे आधी कोणाला शिकवावे आणि तोवर बाकीच्यांनी काय करावे, हा पेच पडतो. मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या, तेव्हा तो असंख्य घरांपुढे अचानक उभा राहिला. शाळा पुन्हा उघडल्या आणि बहुतेक घरांपुरता तो मिटलाही. परंतु ज्या मोजक्या कुटुंबांनी गृहशिक्षणाचा मार्ग विचारपूर्वक स्वीकारला आहे, त्यांच्याकडे तो रोज सकाळी नव्याने हजर असतो.

वास्तविक इयत्तावार वर्ग ही व्यवस्थाच आपल्याकडे तुलनेने अलीकडची. पंतोजींच्या शाळेत सर्व वयांची मुले एकत्र बसत आणि जाणत्या मुलाने नवख्याकडून धुळाक्षरे गिरवून घ्यावीत, अशी रीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी तेथील देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले. ती पद्धत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि मुलांनीच मुलांना शिकविण्याची घडी बसविली. त्यांचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि पुढे ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडच्या शाळाशाळांतून पसरली. आपल्याच धुळपाटीने असा सातासमुद्रापार प्रवास केला, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते! मराठी घरांतील दिवेलागणीचा परवचा हाही याच जातीचा. थोरला पावकी-निमकी म्हणत असता ती धाकट्याच्या कानावर पडे आणि त्याची पाळी येईपर्यंत निम्मी पाठ झालेली असे.

आज जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांतील गुरुजी याला ‘बहुवर्ग अध्यापन’ म्हणतात. आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली संस्थेने लहान खेड्यांतील शाळांसाठी त्याचे एक चोख तंत्र बसविले. पाठ्यपुस्तकाचे लहान लहान टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे एक कार्ड केले. ही कार्डे एका शिडीप्रमाणे क्रमाने लावलेली असतात आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीवरचे कार्ड उचलून कामाला लागते. कर्नाटकातील ‘नली-कली’ हा उपक्रम १९९५ मध्ये यातूनच प्रेरणा घेऊन सुरू झाला. घरच्या पालकाने यातून उचलण्याजोगी गोष्ट एकच आहे. तीन मुलांची तीन वेळापत्रके चालविण्याचा अट्टहास सोडावा, विषय एक घ्यावा आणि पायऱ्या तीन ठेवाव्यात.

घरातले बँकेचे पासबुक हे याचे उत्तम उदाहरण ठरावे. त्याचे एकच पान तिघांपुढे ठेवावे. धाकट्याने तारखा आणि आकडे मोठ्याने वाचावेत. एकक, दशक, शतक ओळखावे. मधलीने जमा आणि नावे यांचे रकाने पाहून शिल्लक स्वतः काढावी आणि छापील शिल्लकेशी ताडून पाहावी. थोरलीकडे व्याज द्यावे. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज रोजच्या शिल्लकेवर आकारले जाते. शिल्लक ७,३०० रुपये आणि दर वार्षिक ३ टक्के धरला, तर दहा दिवसांचे व्याज नेमके ६ रुपये येते. मध्येच चौथ्या दिवशी २,००० रुपये काढले तर काय होईल, हा पुढचा प्रश्न तिनेच तयार करावा. आपले काम आटोपलेला धाकटा तिच्या वहीत डोकावू लागला, तर त्याला हटकू नये. त्या डोकावण्यातच त्याची पुढची पायरी असते.

या व्यवस्थेत एक धोका मात्र असतो आणि तो गोड शब्दांत झाकला जातो. ‘शिकविल्याने शिकणे पक्के होते’ हे खरेच. पण तेवढ्या आधारावर थोरली हळूहळू घरातील बिनपगारी शिक्षिका होऊन बसते. ती मुलगी असेल, तर अधिकच सहज. ताराबाई मोडक यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे हेच दुखणे ओळखले होते. पाठीवर धाकटे भावंड सांभाळणारी मुलगी शाळेत येणार कशी? म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आल्या. धाकट्याची सोय लागली, तरच थोरलीचे पुस्तक उघडणार होते. घरातही धाकट्यांच्या विश्रांतीचा वा खेळाचा एक तास केवळ थोरलीसाठी राखून ठेवला पाहिजे. त्या तासात कोणीही तिला हाक मारू नये. हा तास ज्या घरात निघत नाही, त्या घराने गृहशिक्षणाचा फेरविचार करावा, हे स्पष्ट सांगणे भाग आहे. घर चालविणाऱ्या दोघांपैकी एकाची मिळकत थांबणार असल्यास त्याचा हिशेबही आधीच मांडलेला बरा.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. ६ ते १४ वयोगटासाठीचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. प्रमाणपत्रासाठी मात्र रस्ते खुले आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, नोंदणी पाच वर्षे चालते आणि विषय टप्प्याटप्प्याने सोडविता येतात. महाराष्ट्रात सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला खासगीरीत्या बसण्याची सोयही सर्वपरिचित आहे.

थोरली या अभ्यासाला लागली की पासबुकाचा तास घेण्याचे काम मधलीकडे येते. तोवर तिला दहा वर्षे पूर्ण झालेली असली, तर बँकेने ठरविलेल्या मर्यादेत तिला स्वतःचे बचत खाते स्वतःच्या सहीने चालविता येते, आणि धाकट्यापुढे मग तिच्याच खात्याचे पान उघडले जाते.